गाडी मनमाडला आलीय

पिंपळदरा, तिसगावजवळ
३ ऑक्टोबर २०२५

कल्याण,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर काय असेल ते जयाला सांग म्हणतोस. जयाला सांगितलं की ती बहीण तुझी, तिच्या मनाने अर्धं गाळून तुला सांगते. म्हणून लिहिते. मी शेवटपर्यंत लिहीन, वाचायचं किती ते तू बघ.

काल ग्रामसभा झाली. यंदाच्या पावसाने कपाशी काळी पडली, बांध फुटले, त्यावरच निम्मा वेळ गेला. मग माजी सैनिक संघटनेचे ज्ञानेश्वर सुभेदार उठले. म्हणाले, पिंपळदऱ्यातून एकाच दिवशी भरती झालेली दोन पोरं एकाच दिवशी निवृत्त होतायत, असं गावात आजवर झालं नाही. तू आणि कानिफनाथ. एकतीस तारखेला तुमची नोकरी संपते, तर दोन नोव्हेंबरच्या रविवारी फाट्यापासून मिरवणूक काढायची ठरली. उघडी जीप, शाळेच्या मुलींचं लेझीम, हलगी. कानिफच्या आईला, मनकर्णाला, फुलं उधळायला जेसीबी पाहिजे, कारण पलीकडच्या गावाने आणला होता. सरपंच म्हणाला, जेसीबी बांधांच्या कामावर आहे. ती म्हणाली, माती उपसाया घावतो आन् फुलं उधळाया घावत न्हाई व्हय. सगळी सभा हसली. जेसीबी मंजूर झाला.

मग सुभेदारांनी मला विचारलं, "भीमाबाई, कल्याण यील ना? बोर्डावर दोघांचे फोटो टाकायचे हायत."

मी म्हटलं, यील. तुला न विचारता म्हटलं. ते मी आधी सांगून टाकते.

तू इकडे येत नाहीस तेव्हापासून गावात एक नवी रीत पडली आहे. मिरवणूक दारापुढे आली की फौजी जीपमधून उतरतो आणि स्वतःची टोपी काढून बापाच्या डोक्यावर ठेवतो. मागच्या वर्षी अमृतने ठेवली तर टोपी त्याच्या म्हाताऱ्याच्या कानांवर आली. लोक हसले, म्हातारा हसता हसता रडला. ज्याचा बाप नाही तो फोटोपुढे ठेवतो. नानांचा फोटो मी उतरवून पुसून ठेवला आहे.

माझं अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. तू भरती झालास तेव्हा मला वाचता येत नव्हतं. ट्रेनिंगमधलं तुझं पहिलं पत्र मनकर्णाच्या पुतणीने वाचून दाखवलं, आणि तू रात्री पांघरुणात रडतोस हे दुसऱ्या दिवशी हापशावर सगळ्यांना ठाऊक झालं. त्यानंतर जयाचं पहिलीचं पुस्तक काढून मी शिकले. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा चार दिवस लागले, पण माझं मी वाचलं. आता शाळेच्या वाचनालयातली दोन कपाटं संपवून झाली. गुरुजी म्हणतात, आजी, तुमच्यासाठी नगरहून पुस्तकं आणावी लागतील.

येशील का ते कळव. सूनबाई निकिताला आणि नातीला, संस्कृतीला, आशीर्वाद.

आई


११ ऑक्टोबर २०२५

कल्याण,

तुझं उत्तर आलं नाही. मनकर्णाकडे कानिफचा फोन आला होता. तू त्याला म्हणालास की मी नगरला उतरून तसाच पुण्याला निकिताकडे जाईन, मिरवणूक तू एकट्याने घे. हे तिने मला दळणाच्या चक्कीवर चार बायकांसमोर सांगितलं. वाईट मनाने नाही. तिला हळू बोलताच येत नाही. वर म्हणाली, "भीमे, बोर्ड छापाया गेला. आता फोटो खोडायचा का काय?"

मी म्हटलं खोडू नको.

तू का येत नाहीस ते मला कळतं. नानांच्या मातीला तू नव्हतास. चुलतभाऊ गोरक्षनाथने अग्नी दिला. तू दहाव्याच्या आदल्या दिवशी आलास, केस उतरवलेस आणि तेराव्याला थांबला नाहीस. त्याला सात वर्षं झाली. सात वर्षांत तू नगरला सासरवाडीला आलास, जामखेडला जयाच्या घरी आलास, मढीच्या यात्रेला आलास. मढीहून आपलं घर केवढंसं लांब. मी त्या दिवशी पुरण घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी घातलं होतं.

त्या वेळी मी तुला जे सांगितलं तेच आता लिहिते. तुझा नायकाच्या बढतीचा कोर्स, कॅडर, चालू होता आणि तो पुरा व्हावा अशी नानांची इच्छा होती, म्हणून त्यांनीच बोलावू नका म्हटलं. गावाचाही नियम आहे. अंगदचं झाल्यापासून, ड्युटीवरच्या पोराला वाईट बातमी घरून फोनवर द्यायची नाही. अंगदला त्याची बायको बाळंतपणात गेल्याचं मेहुण्याने फोनवर सांगितलं, आणि पहाऱ्यावर उभ्या जागी त्याच्या हातून गोळी सुटून पाय गेला. तो आता कोपऱ्यावर पिठाची चक्की चालवतो, ते तू पाहिलंस. नियम तुलाही माहीत होता.

पण तू माझ्यावर चिडून राहा, घरावर चिडू नको. नानांवर चिडू नको. ते काही तुझे वैरी नव्हते.

आई


१९ ऑक्टोबर २०२५

कल्याण,

मागच्या पत्रातल्या शेवटच्या ओळी लिहिल्या आणि त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. नानांवर चिडू नको असं मी तुला कोणत्या तोंडाने सांगते? तुला त्यांच्यावर मीच चिडवलं.

आता जे लिहिते ते सरळ लिहिते.

नाना गेले त्या वर्षीच्या माघात तू सुट्टीवर आलास आणि नोकरी सोडून येतो म्हणालास. दहा वर्षं झाली, पेन्शनला अजून पाच राहिली, आणि तू म्हणालास मला तिथं करमत नाही, मी टेम्पो घेतो. नानांनी हातातला चहा ओतून दिला आणि म्हणाले, वर्दी टाकून आलास तर मी मेल्यावर मातीलाही येऊ नको. तू दुसऱ्या दिवशी निघून गेलास. ते ओट्यावर बसून राहिले. फाट्यापर्यंत पोचवायला आले नाहीत, पण तू वळणाआड जाईपर्यंत बघत होते. ते तुला दिसलं नसेल.

मग श्रावणात ते आजारी पडले. ताप उतरेना, म्हणून नगरला दवाखान्यात नेलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कल्याणला बोलीव."

हे तू पुन्हा वाच. कल्याणला बोलीव, असंच म्हणाले.

ज्ञानेश्वर सुभेदार त्याच संध्याकाळी दवाखान्यात आले होते. नियमाप्रमाणे ते युनिटला कळवणार होते. साहेब पोराला जवळ बसवतो, पाणी देतो आणि सांगतो, म्हणजे अंगदसारखं होत नाही. त्यांनी कागद पेन काढलं. मी म्हटलं, नको. कॅडर अर्धा झालाय, तो सोडून आला तर पट्टी जाईल, आणि पट्टी गेली तर मन उडून पुन्हा नोकरी सोडायचं काढील. डॉक्टर म्हणतायत चार दिवसांत बरं वाटेल. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, बघू.

सुभेदारांनी दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हटलं. जया म्हणाली, मी दादाला फोन करते. मी तिला तुझी शपथ घातली. ती अजून ती शपथ पाळते, तिच्यावर राग धरू नको.

आणि नाना रोज विचारायचे, आला का? म्हणून मी त्यांना सांगितलं, सुट्टी मिळाली, निघालाय.

तू पहिल्या सुट्टीवर आलास तेव्हा परत गेल्यावर लिहिलं होतंस, झेलम गाडी कुठून कुठून जाते ते. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं होतं की गावं तोंडपाठ झाली होती. तापात नानांना दिवस कळत नव्हता, रात्र कळत नव्हती, पण गावांची नावं ध्यानात राहायची. सकाळी डोळे उघडले की विचारायचे, कुठवर आला? मी म्हणायची, पठाणकोट. दुसऱ्या दिवशी अंबाला. मग दिल्ली. दिल्ली म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, माझं पोरगं दिल्लीत आलंय. मग झाशी, भोपाळ, खंडवा. गाडी दोन दिवसांत येते हे मला ठाऊक होतं. मी तिला एकेका गावाला एकेक दिवस उभी केली. मला वाटायचं हे बरे होतील, घरी जाऊ, कॅडर संपेल, तू खरंच गाडीत बसशील, आणि मग ह्यांना काही सांगायची वेळच येणार नाही.

आठव्या दिवशी भुसावळ सांगितलं. नवव्या दिवशी मनमाड. मनमाड म्हटलं आणि माझ्या ध्यानात आलं की आता पुढे जागा नाही. मनमाडनंतर कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, की नगर आलंच. उद्या काय सांगू?

ते म्हणाले, "मनमाडला आला का? मंग आलाच की."

थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला म्हणावं दमानं ये. घाई करू नको. मी हाय."

मी चहा आणायला खाली गेले. वर आले तेव्हा ते नव्हते.

तेव्हाही तुला कळवता आलं असतं. कॅडरला तीन दिवस राहिले होते. सुभेदारांना मी म्हटलं, आता गेलेलं माणूस तर येत नाही, तीन दिवसांनी सांगा. असं बोलायला माझी जीभ कशी उचलली, ते मी सात वर्षं शोधते आहे. त्या वेळी ते मला शहाणपणाचं वाटलं होतं.

मग तू आलास. ओसरीवर उभा राहून विचारलंस, मला का कळवलं न्हाई? सगळे भाऊबंद बसले होते. तुझा चेहरा बघून मी भ्याले. माझ्या तोंडून निघालं, नानांनीच नको म्हणून सांगितलं, मातीला बोलावू नका म्हणाले. माघातलं त्यांचं बोलणं मी उचललं आणि श्रावणात ठेवलं. मला वाटलं तू विश्वास ठेवणार नाहीस, भांडशील, आणि मग मी खरं सांगेन. पण तुला लगेच पटलं. चप्पल काढून आत आला होतास, ती पुन्हा घातलीस, आणि दहावा होताच गेलास.

तेव्हा सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. मग रोजच सांगायला हवं होतं.

तुझ्या बापाने तुला बोलावलं होतं, कल्याण. नऊ दिवस बोलावलं. मी येऊ दिलं नाही.

हे वाचून तू मिरवणुकीला आलास तर त्यांच्यासाठी ये. माझ्याशी बोलू नकोस, चालेल.

आई


२६ ऑक्टोबर २०२५

कल्याण,

मागचं पत्र मी पेटीत टाकलं नाही.

पाकीट चिकटवलं होतं, पत्ता घातला होता. तिसगावच्या बाजारादिवशी टाकावं म्हणून पिशवीत ठेवलं होतं. मध्ये दिवाळी आली. भाऊबीजेला मी जयाकडे जामखेडला गेले आणि दुपारी तुझा तिला फोन आला. ती नेहमीसारखी उठून बाहेर गेली नाही. म्हणाली, आईशी बोल.

तू म्हणालास, "कानिफ ऐकत न्हाई. म्हनतो एकट्यानं जीपमधी बसलो तर लोक मलाच हसतील. संस्कृतीलाबी जीप बघायचीय. येतो मी दोन तारखेला." मग म्हणालास, "तुला काय आणू का?"

सात वर्षांनी तू मला काय आणू विचारलंस. मी म्हटलं काही नको, तू ये.

फोन ठेवल्यावर मी जयाच्या न्हाणीत जाऊन बसले. जया दाराबाहेरून म्हणाली, आई, आता तरी सांग त्याला. मी म्हटलं, मिरवणूक होऊ दे. ती म्हणाली, तेव्हाबी तू असंच म्हनली हुतीस, कॅडर हुं दे. पोरगी तुझ्यासारखी आहे, लागेल तेच बोलते.

पण मी पत्र टाकलं नाही. तू येतोस म्हणाल्यावर माझ्याने टाकवलं नाही. हेही पत्र मी टाकणार नाही असं दिसतं. लिहून ठेवते एवढंच.

घर सारवून घेतलं. तुझ्या खोलीतला कांदा हलवला. मनकर्णा येऊन बोर्ड दाखवून गेली. तुझा फोटो कानिफच्या फोटोपेक्षा बोटभर मोठा आलाय म्हणून ती फुगली आहे.

आई


४ नोव्हेंबर २०२५

कल्याण,

तुम्ही सगळे मनकर्णाकडे जेवायला गेला आहात. मला बरं नाही म्हणून मी मागे राहिले. बरं आहे मला. तुम्ही परत यायच्या आत हे लिहून व्हायला हवं.

मिरवणूक तू जीपमधून पाहिलीस, मी खालून पाहिली, म्हणून सांगते. फाट्यावर तू उतरलास तेव्हा मी बायकांच्या मागे उभी होते. औक्षणाला मी पुढे होऊ शकत नव्हते. जयाने ओवाळलं, मनकर्णाने ओवाळलं. तुझ्या कानांवर पांढरे केस आलेत, ते मी तिथून पाहिले. कानिफ सगळ्यांना हात करत होता आणि तू सरळ समोर बघत होतास. मग संस्कृतीला कानिफने उचलून बॉनेटवर बसवलं, तेव्हा तू हसलास. जेसीबीने फुलं टाकली ती निम्मी हलगीवाल्यांवर पडली. शाळेपाशी अंगद कुबडी काखेत धरून उभा होता. त्याने तुम्हा दोघांना सलाम केला, आणि तू जीप थांबवून खाली उतरलास, त्याच्या गळ्यात पडलास. मला वाटलं, माझं पोरगं आलं. पुरतं आलं.

कानिफच्या दारी त्याने टोपी बापाच्या डोक्यावर ठेवली. मग जीप आपल्या दारी आली. जया नानांचा फोटो घेऊन उंबऱ्याशी उभी होती. फोटोला हार घातला होता. सुभेदार म्हणाले, कल्याण, चल. हलगी थांबली.

तू खाली उतरलास, फोटोपुढे आलास, टोपी काढलीस. आणि वळून माझ्याकडे आलास. बायकांमधून वाट काढत आलास आणि टोपी माझ्या डोक्यावर, पदरावर ठेवलीस.

सुभेदार हळूच म्हणाले, "आरं, फोटोपुढं ठिव की."

तू म्हणालास, "त्यांनी मला मातीला बोलीवलं न्हाई. ह्या टोपीवर त्यांचा हक्क न्हाई. जे हाय ते आईचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कल्याण. आईचा मान केला म्हणून वाजवल्या. काही बायका डोळे पुसत होत्या. मनकर्णाने मला कोपराने ढकललं, की बघ, नशीब काढलंस. जया फोटो छातीशी धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. सुभेदारही बघत होते. त्या दोघांना ठाऊक होतं कुणी बोलावू दिलं नाही ते.

मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं, पण हलगी पुन्हा सुरू झाली.

सात वर्षं मी माझ्या मनाला सांगत आले की माझ्या खोट्याने जिवंत माणसाचं काही बिघडलं असेल तर ते फक्त माझं बिघडलं. परवा माझ्या डोळ्यांसमोर गावाने नानांना निष्ठुर बाप ठरवलं. ते माणूस उभ्या आयुष्यात कुणाला वाकडं बोललं नाही, एकदा तुला बोललं, तेही तुझ्या पेन्शनसाठी. आणि त्यांच्या वाटचा मान मी डोक्यावर घेऊन घरात गेले.

तू मला आई म्हणून दोन दिवस हाक मारतोस. काल माझ्या ताटातली भाकरी मोडून खाल्लीस. नोव्हेंबरात इथंच राहतो, विहिरीचं काम बघतो म्हणालास. निकिता म्हणाली, आई, ह्यांना इतकं मोकळं मी कधी पाहिलं नाही. हे सगळं मला ठेवायचं आहे. म्हणून तर दोन दिवस लागले.

ह्या पत्रासोबत आधीची दोन न टाकलेली पत्रं आहेत. एकोणीस तारखेचं आधी वाच. टोपी पण इथेच ठेवते. ती माझी नाही.

तुम्ही आलात की तुझ्या हातात देईन. टेबलावर ठेवणार नाही, हातातच देईन.

आई


२३ नोव्हेंबर २०२५

कल्याण,

हे पुण्याच्या पत्त्यावर पाठवते. निकिताने जाताना लिहून दिला. तू वाचशील का माहीत नाही. निकिता वाचेल तर तिलाही हरकत नाही.

त्या दुपारी तू अंगणातल्या बाजेवर बसून पत्र वाचलंस, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, पण भांडं वाजू दिलं नाही. एकोणीस तारखेच्या पत्राची चार पानं आहेत. तू शेवटचं पान वाचलंस आणि पुन्हा तिसरं काढलंस. मग मला हाक मारली नाहीस, उठून आत आलास.

म्हणालास, "मनमाड म्हनल्यावर आलाच की म्हनले?"

मी म्हटलं, व्हय.

"हसले का?"

मी म्हटलं, व्हय, हसले. हे मी पत्रात लिहिलं नव्हतं. ते खरंच हसले होते. तुझं समाधान करायला म्हणून नाही सांगितलं, आता मी तसलं काही सांगणार नाही.

तू टोपी घेतलीस, फोटो घेतलास आणि रानात गेलास, जिथं त्यांना अग्नी दिला तिथं. मी मागून आले, पण बांधाच्या अलीकडेच थांबले. संस्कृती माझ्याबरोबर होती. तू खाली बसून खूप वेळ बोलत होतास. तिने विचारलं, आजी, बाबा कुणाशी बोलतायत? मी म्हटलं, त्यांच्या वडिलांशी. ती म्हणाली, ते ऐकतात का? मी म्हटलं, ऐकत असतील. काय बोललास ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

परत आल्यावर तू बॅग भरलीस. निकिता रडत होती. जया जामखेडहून येते म्हणत होती, तिला तू थांबायला सांगितलंस. ओसरीवर, जिथं मी सात वर्षांपूर्वी ते बोलले, तिथंच उभा राहून तू म्हणालास, "आई, ते गेले ते गेले. पन सात वर्सं मी त्यांच्यावर राग धरला. आता ते कुटं ठिवू, सांग."

तू चप्पल घातलीस आणि निघालास. पाया पडला नाहीस, ते बरोबरच केलंस.

तू गेल्यावर मी दोन दिवसांनी सुभेदारांकडे गेले. म्हटलं, पुढच्या ग्रामसभेत मला बोलायचं आहे. ते म्हणाले, कशाला आता, झालं गेलं. मी म्हटलं, बोर्ड फाडून झाला, जेसीबी परत गेला, पण माझा नवरा अजून गावाच्या तोंडात आहे. सव्वीस जानेवारीला बोलायचं ठरलंय. मनकर्णाला मी आधीच सांगितलं, म्हणजे निम्मं काम झालंच. तिने मला त्या दिवसापासून हाक मारलेली नाही. वाटेत दिसली की पदर नीट करते आणि पुढे जाते. पण काल दारात कोथिंबिरीची जुडी ठेवलेली होती, आणि कोथिंबीर आमच्या आळीत फक्त तिच्याकडे आहे.

मी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, हो तरी किंवा नाही तरी. तेवढंसुद्धा ओझं तुझ्यावर नको.

एकच मागते, तेही माझ्यासाठी नाही. नानांचं श्राद्ध आजवर गोरक्षनाथने केलं. श्रावण वद्य पंचमीला त्यांची तिथी असते. श्रावण लांब आहे, तुला विचार करायला वेळ आहे. त्या दिवशी तू घरी ये. निकिताला आण, संस्कृतीला आण. मी घरात असेन म्हणून तू यायचा नाहीस हे मला कळतं, म्हणून मी नसेन. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने मी जामखेडला जयाकडे जाईन. सुभेदारांकडे किल्ली ठेवीन. तुला कुणाला काही विचारावं लागणार नाही, त्यांना मी सांगून ठेवते.

पानात वाढताना भाजी गवारीची कर. त्यांना तीच आवडायची, शेंगदाण्याचं कूट घालून. निकिताला माहीत नसेल, म्हणून लिहिते. लाकडं मागच्या पडवीत आहेत, गॅसवर करू नकोस, नैवेद्य चुलीवर होऊ दे. पीठ, डाळ, गूळ मी काढून ठेवीन. पाणी भरून ठेवीन. तुला फक्त यायचं आहे.

आणि जाताना चूल झाडू नका. राख तशीच राहू दे. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत येईन, आणि आधी चुलीपाशी जाईन.

आई